दोन आकड्यांमधली थंडी

डिसेंबर तोंडावर आला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक कॉलमी बातमी मुक्कामाला येते. मजकूर दरवर्षी जवळपास तोच. उत्तरेत हिमवर्षाव, राज्यात हुडहुडी, दोन-चार दिवसांनी पारा पुन्हा चढणार. ही बातमी मी अग्रलेखाच्या आधी वाचते, आणि वाचते तीही वरून खाली: आधी गुलमर्ग, मग सिमला, मग पंजाब-हरियाणातलं धुकं, मग आपलं निफाड, महाबळेश्वर, पुणे, आणि अगदी तळाशी मुंबई. मुंबईपुढे दोन आकडे असतात. एक कुलाब्याचा, एक सांताक्रूझचा. आमच्या चिंचपोकळीचा आकडा त्या बातमीत मी कधी पाहिला नाही.

छापावा अशी कुणाची मागणीही नाही. हवामान खात्याच्या दोन वेधशाळा, एक शहराच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला. कुलाब्याची तर १८२६ सालची, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीतली. तिथली चुंबकीय वेध घेणारी उपकरणं विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली. तापमापकाला ट्रामचं काही सोयरसुतक नव्हतं, तो राहिला. कुलाबा म्हणजे दोन्ही अंगांना समुद्र घेऊन बसलेली चिंचोळी पट्टी. समुद्र दिवसाची ऊब रात्री परत करतो, त्यामुळे तिथं पारा फारसा उतरत नाही. सांताक्रूझला विमानतळाची मोकळी जमीन. रात्री ती भराभर निवते. हिवाळ्यातल्या पहाटे दोन्ही ठिकाणांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. मुंबईचा आजवरचा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा: सांताक्रूझला ७.४, कुलाब्याला ११.७. या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी त्या पहाटे आमची चाळ काकडत होती. नेमकी किती अंशांवर, ते लिहून ठेवायचं कुणाच्या ध्यानातही आलं नसणार.

आमच्या घरात तापमापक नव्हता. खोबरेल तेलाची बाटली होती.

सरबताची रिकामी झालेली, उंच मानेची काचेची बाटली. घाणीवरून तेल भरून आणायचं आणि मोरीच्या खिडकीत ठेवायचं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं, हे मला शाळेत पुष्कळ उशिरा कळलं. आजीला ते अंशांशिवाय ठाऊक होतं. पहिल्या दिवशी बाटलीचा तळ नुसता गढूळ होतो. उजेडासमोर धरली तर दिसतं, नाहीतर नाही. दुसऱ्या पहाटे तेलात बारीक पांढरे कण धरतात, आणि बाटली हलवली नाही तर ते इतके सावकाश खाली उतरतात की बघत बसावं. चिंचपोकळीतला हिमवर्षाव तो एवढाच. तिसऱ्या दिवशी खालचं निम्मं तेल घट्ट पांढरं आणि वर बोटभर पिवळसर पाणी. थंडीनं आणखी जोर धरला की सगळी बाटली दगड. मग आई ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची. आजीला तेवढा धीर नसे. ती विणायच्या सुईनं मानेतून तेल टोकरून काढायची, तळहातावर चोळायची, आणि आमच्या फुटलेल्या टाचांना फासता फासता जाहीर करायची, "आजपासून कानटोप्या." तिचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. फार पुढचं ती सांगत नसे, हेही खरं.

बर्फ तिकडे पडतो आणि तेल इकडे थिजतं, या दोहोंमधली वाट मोठी आहे. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकतात. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा तरी. ओल बरीचशी तिथंच उतरते, बर्फ होऊन. झंझावात पुढे सरकला की आकाश मोकळं होतं आणि त्याच्या मागून कोरडा गार वारा राजस्थान, गुजरात करत खाली सुटतो. निफाडच्या द्राक्षबागांत बागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवून घड सांभाळतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथं पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या टपावरच्या हिमकणांचा फोटो छापून येतो. मुंबईपर्यंत पोहोचता पोहोचता त्या वाऱ्याजवळ देण्यासारखं फार उरत नाही. थोडा गारठा, पुष्कळ कोरडेपणा. तेवढ्यात उत्तरेत पुढचा झंझावात दाखल होतो, वारा तुटतो, आणि बातमीतलं शेवटचं वाक्य खरं होतं.

त्या कोरडेपणाचा हिशेब आमच्या घरात पगाराच्या दिवशी लागायचा. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. कापडाच्या धंद्याला मुंबई मानवली त्याचं एक कारण इथली दमट हवा. सुती धागा ओलसर हवेत चिवट राहतो, सुक्या हवेत पटकन तुटतो. म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट राखलेली असे. बाहेर पौषातली थंडी असली तरी आत माणसं बनियन काढून, घामानं निथळत उभी. तरीही उत्तरेचा वारा जोरात असला की ते दमटपण पुरे पडत नसे, असं आजोबा सांगत. धागा तुटला की साचा थांबवायचा, टोकं शोधायची, जोडायची, पुन्हा चालू करायचा. मजुरी किती कापड निघालं त्यावर. काश्मिरातल्या बर्फाचा आणि आपल्या साच्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते काश्मीरचं नाव घेत नसत. अंगणात तंबाखू मळता मळता नाक वर करून हवा हुंगायचे आणि म्हणायचे, "सुका सुटलाय. आज सूत रडवणार."

रात्रपाळी सुटली की तीच घामेजलेली माणसं पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडत. आजोबा उपरण्यानं छाती आवळून घेत आणि पुलावरून झपझप घरी येत. थंडीत भोंगा जवळ ऐकू येतो असं सगळी चाळ म्हणे, आणि ते खरंच होतं. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार असते; आवाज वर निसटून न जाता खाली वळतो. धूरही वर चढत नाही, तिथंच बसतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि एकेक भोंगा गप्प होत गेला. चिमण्यांच्या जागी टॉवर आले. आता त्या गार थराखाली धुराऐवजी बांधकामाची धूळ अडकते, आणि पहाटे भायखळ्याहून सुटलेल्या लोकलचा हॉर्न उशाशी वाजल्यासारखा येतो.

गारठा, उकाडा, पुन्हा गारठा हा सगळा खेळ थोड्याच दिवसांत बघायला मिळाला तो २०२४ मध्ये. नोव्हेंबर संपता संपता पहाटेचा पारा बराच उतरला होता, बाटलीच्या तळाशी गढूळपणा आला होता. एवढ्यात ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. त्याचं उरलंसुरलं दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरलं, इकडे उत्तरेचा वारा तुटला, पूर्वेचा सुरू झाला, ढग आले. २ डिसेंबरला हवामान खात्यानं पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज दिला: देशाच्या बहुतेक भागांत थंडी नेहमीपेक्षा कमी, थंडीच्या लाटेचे दिवसही कमी. तो अंदाज खरा करून दाखवायची जणू घाईच झालेली, ४ डिसेंबरला सांताक्रूझला ३७.३ अंश. सोळा वर्षांत डिसेंबरात एवढं तापलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. घटासाठी पाच पानांच्या डहाळ्या, पाच फळं, वेण्या, पोथ्या. आंब्याच्या डहाळ्या विकणाऱ्या बाईनं पानांवर पाणी मारता मारता उरलेलं स्वतःच्या मानेवर ओतून घेतलं. कुंकवाच्या टिकल्या घामानं जागा सोडत होत्या. माझ्या पुढची एक काकू केळी चाचपत म्हणाली, "देवीला उद्या पंख्याखाली बसवावं लागणार बघ." शनिवारी चंपाषष्ठी. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी घरात परत येतं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. भरिताचं वांगं तापल्या हवेत गॅसपाशी उभं राहून भाजणं म्हणजे व्रतच. रविवारी वारा फिरला. त्याच संध्याकाळी सिमल्यात हंगामातला पहिला बर्फ पडला. सोमवारी, ९ डिसेंबरला पहाटे, सांताक्रूझला १३.७ अंश, नऊ वर्षांतली डिसेंबरातली सर्वांत थंड पहाट.

बुधवारची दुपार ३७.३ ची, सोमवारची पहाट १३.७ ची. सिमल्यात संध्याकाळी बर्फ पडला आणि तोच सकाळी लोकल पकडून आमच्याकडे आला असं काही नाही. उत्तरेचा वारा त्याआधीच मोकळा सुटला होता. पण मनाला दोन्ही बातम्या एकाच सुतात ओवायला आवडतं, आणि मी त्याला अडवत नाही. हवामान खातं तोंडघशी पडलं अशी टवाळी त्या दिवशी बरीच ऐकली. ती मला पटली नाही. तीन महिन्यांचा अंदाज तीन महिन्यांचा असतो. त्याला एका सोमवारचं काय! त्या सोमवारी बाटली उलटी धरली तरी थेंब पडला नाही.

सिमला म्हटलं की मला अजूनही आधी पुणं आठवतं. शिवाजीनगरला हवामान खात्याची दगडी इमारत आहे. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, आणि पुणेकरांनी तिला सिमला ऑफिस म्हणायला सुरुवात केली. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, चौकाला नाव राहिलं. आत्या तिथून फोन करायची, "सिमल्याला उभी आहे, बस नाहीये," आणि शाळकरी मी कितीतरी वेळ तिला बर्फात छत्री घेऊन उभी करायचे.

त्या सोमवारी दुपारी नागपूरच्या मावशीचाही फोन आला. "तेरा अंशांत स्वेटर घालता का गं तुम्ही? आमच्याकडे तेरात पोट्टे उघडे हिंडतात." मुंबईच्या थंडीवर हसणं हा उर्वरित महाराष्ट्राचा जुना विरंगुळा आहे. मी मावशीला सरकारी नियम ऐकवला. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायची तर पारा १० अंशांवर किंवा खाली यावा लागतो. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना मात्र १५ अंशांची सवलत आहे, सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलेला असला म्हणजे झालं. किनाऱ्यावरच्या माणसाला थंडी लवकर लागते, हे एका सरकारी खात्यानं लिहून मान्य केलंय. इतका समजूतदारपणा मी दुसऱ्या कुठल्या नियमात पाहिला नाही. शिवाय राणीच्या बागेतले पेंग्विन आहेतच. २०१६ मध्ये सोलहून आलेली ही मंडळी आमच्यापासून एका स्टेशनावर, काचेआड, १६ ते १८ अंशांत राहतात. म्हणजे त्या पहाटे सांताक्रूझ पेंग्विनांच्या घरापेक्षा थंड होतं. गंमत अशी की हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावरचे. बर्फ त्यांच्याही खानदानात कुणाला ठाऊक नाही. शेजारी शोभतात.

१९६२ ची थंडी आमच्या घरात दोनदा सांगितली जाते. एक जानेवारीची, नीचांकाची. दुसरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातली, चीनच्या युद्धाची. लडाख आणि नेफात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत ही बातमी घरोघर पोहोचली आणि देशभर बायका विणायला बसल्या. आमच्या चाळीतही लोकर आली, गडद हिरव्या रंगाचे गुंडे. आजीला तोरणं येत, रुमालाच्या कडा येत. स्वेटर येत नव्हता. पलीकडच्या चाळीतल्या मास्तरीणबाईंकडे रोज दुपारी जाऊन ती शिकली. सुलट, उलट, सुलट, उलट. तळाची पट्टी जमली, मग पाठ जमली, आणि मग खरा प्रश्न आला. माप कुणाचं घ्यायचं?

घरात पुरुष एकच. रात्रपाळी करून आजोबा दिवसा पालथे झोपलेले असत. आजी हळूच विणलेला तुकडा त्यांच्या पाठीवर पसरून बघायची. खांद्यापासून खांद्यापर्यंत बोटांनी मापायची, सुईवरचे टाके मोजायची. पण आजोबांचा बांधा गिरणीनं वाळवलेला, आणि जवान म्हणजे दांडगा असणार. म्हणून ती दर खेपेला मापापेक्षा चार टाके वाढवून घ्यायची. एकदा आजोबांना जाग आली. पाठीवर लोकर, वर बायको वाकलेली. "मला आहे का?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला कशाला? तुम्ही घामात काम करता," ती म्हणाली. ते पुन्हा झोपले. आजीनं बर्फ पाहिला होता तो बर्फवाल्याच्या हातगाडीवरचा, भुशात गुंडाळलेली लादी. त्या लादीवर माणूस रात्रभर उभा राहतो म्हणजे काय, हे तिनं त्या लादीला बोट लावून समजून घेतलं होतं. २१ नोव्हेंबरला युद्धविराम झाला तेव्हा एक बाही व्हायची होती. चाळीतल्या काही जणींनी सुया खाली ठेवल्या. आजीनं बाही पुरी केली, मास्तरीणबाईंच्या हवाली केली. तिचं म्हणणं साधं होतं: लढाई थांबली असेल, तिकडचा हिवाळा तर आता सुरू व्हायचाय. तो स्वेटर कुणाच्या अंगात गेला, पोहोचला की नाही, याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. सुया मात्र घरात राहिल्या आणि तेल टोकरायच्या कामी आल्या.

आता घरात कुणी विणत नाही. आम्ही परळला जातो. नोव्हेंबरात आंबेडकर रस्त्याच्या कडेला स्वेटरवाल्यांची रांग लागते. विकणारे बहुतेक तिबेटी, नेपाळी. माल बराचसा लुधियानाचा. लहानपणी मला वाटायचं, ही माणसं हिमालयातून थंडी बरोबर घेऊनच उतरतात. २०२४ च्या त्या डिसेंबरात बाबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर घ्यायला गेले तेव्हा साधारण माझ्याच वयाची बाई गठ्ठ्यातून घड्या काढत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी हिंदीत विचारलं, गावाकडे बर्फ पडायला लागला असेल ना? तिनं उत्तर मराठीत दिलं.

"बर्फ कुठचा जी ताई. आम्ही गोठणगावचे. गोंदिया जिल्हा."

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७० च्या दशकापासूनची. ती तिथंच जन्मली. "आमच्याकडे धान राहते. थंडी पण खूप राहते, बर्फ नाही." मग तिनं जरा अभिमानानं सांगितलं की पेपरात विदर्भाच्या थंडीची बातमी आली की गोंदियाचं नाव सगळ्यांच्या वर असतं. ते खरं आहे. विदर्भातला नीचांक पुष्कळदा गोंदियाचाच असतो. मला थोडा हेवा वाटला. आईनं बर्फ पाहिलाय, ती म्हणाली. लहान असताना तिबेटातून चालत आली तेव्हा. "पण तिला विचारलं की उठून जाते." एवढं बोलून तिनं दुसरी घडी उलगडली आणि हा रंग मळखाऊ आहे, हा न्या, असं सुचवलं.

अंदाज ती माझ्यापेक्षा बारकाईनं वाचत होती, मोबाईलवर, तासातासाचा. तिचा धंदाच त्यावर. बुधवारच्या ३७.३ चा विषय निघाला तेव्हा तिनं दोन्ही हात झटकले. एक नग गेला नव्हता. लोक थांबायचे, लोकरीला हात लावायचे आणि अंगाला चटका बसल्यासारखे पुढे जायचे. सोमवारनंतर मात्र जेवायला फुरसत नाही. "चार दिवस आहे जी हे. मग पुन्हा गरमी." भाव तिनं कमी केला नाही. त्याऐवजी एक माकडटोपी फुकट दिली, आणि ती घेण्यात मी हरले की जिंकले हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

तिथून केईएम आणि टाटा रुग्णालयाकडच्या रस्त्यानं गेलं की हिवाळा वेगळा दिसतो. टाटाच्या आसपासच्या पदपथांवर बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, मराठवाडा, कुठकुठले रुग्ण आणि त्यांची माणसं मुक्कामाला असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. ती सगळ्यांना कुठून मिळणार. खाली पुठ्ठा, वर प्लास्टिक, उशाला फाइल आणि एक्स-रेचा लखोटा. केमोनं केस गेलेल्या डोक्याला गारवा सगळ्यात आधी लागतो. एक म्हातारा आपल्या नातवाचं, की मुलाचं, डोकं टॉवेलनं पुन्हा पुन्हा गुंडाळत होता. टॉवेल सुटायचा, तो गुंडाळायचा. माकडटोपी मी तिथं दिली. यात काही विशेष नाही, ती फुकटच मिळालेली होती. पण रविवारच्या पुरवण्यांत गुलाबी थंडीवर जे लिहून येतं, ज्यात वाफाळता चहा असतो आणि धुक्यातली मरीन ड्राइव्ह असते, तसलं काही लिहायची इच्छा मला त्यानंतर झालेली नाही. कुलाबा आणि सांताक्रूझच्या मधे नुसती आमची चाळ नाही, हा पदपथही आहे. त्याला १३.७ ही कमी होते आणि आधीचे ३७.३ ही जास्त.

मग अंदाजाबरहुकूम पारा चढला. बाटलीतलं तेल आधी कडेनं सुटलं, मग मधला पांढरा गोळा तरंगायला लागला, एका दुपारी तोही दिसेना. मधूनमधून थंडी डोकावून गेली. भोगीला बाजरीची भाकरी झाली, संक्रांतीला तिळगूळ झाला. तेवढ्यात, १५ जानेवारी २०२५ ला, हवामान खात्याला दीडशे वर्षं पुरी झाली. आणि फेब्रुवारीत कमाल झाली. २५ फेब्रुवारीला सांताक्रूझला ३८.७ अंश, खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. महाशिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत निघते असं आजी म्हणायची. त्या वर्षी ती निरोप न घेता केव्हाच गेली होती.

त्या दुपारी शेजारचे नाना बनियनवर दारात बसले होते. मी त्यांना एक गंमत सांगितली. खात्याच्या नोंदींत हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा नुसता पावसाळ्यानंतरचा काळ. म्हणजे आपण कुडकुडलो ती १३.७ ची पहाट हिवाळ्यातली नव्हतीच, आणि ही ३८.७ ची दुपार मात्र आहे.

नानांनी कपाळ पुसलं. "म्हणजे आत्ता हिवाळा चालू आहे?"

"अजून तीन दिवस, नाना. आज धरून चार."

"बरं. मग आत जाऊन पंखा पाचावर कर," नाना म्हणाले, "आणि मार्चला काय म्हणायचं ठरवलंय ते विचारून ठेव त्यांना."